वीतभर जागा

ओदोकियाच्या पत्रात मला दोनच प्रश्न विचारलेले होते: तुझी उंची किती, आणि तू येणार का. बाकी सगळं हवापाणी. गवत कापल्यावर भिजलं, तांबडी गाय आटली, शेजारच्या लुकिन सुताराच्या डोळ्यांत पडदा येतो आहे. आणि अगदी खाली, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरांत, की उत्तर लवकर दे, फळ्या पुरत्या वाळल्या आहेत. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाचता वाचता त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं. जन्म चेर्निव्हत्सीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, हात आपला आपण चालतो. मग पत्र जाड्या शब्दकोशात ठेवलं आणि तो शब्दकोश लागेल असं कुठलंही काम हाती घेतलं नाही. उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. बसलो. ‘प्रिय ताई’ लिहिलं, आणि त्यापुढे एक आकडा लिहायचा, एवढंच काम होतं. पण तो आकडा लिहिला की दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर देऊन झालं असतं, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. माझी बायको स्तेफा इथल्या, शहरातल्या दफनभूमीत तिच्या आईशेजारी निजली आहे. तिच्या उजव्या हाताची जागा माझी, असं तिच्या माहेरच्यांनी ठरवून ठेवलेलं आहे. आणि तिकडे डोंगरात बाबांनी आम्हा भावंडांसाठी राखलेले दोन स्प्रूस वृक्ष कापून, फळ्या करून, गोठ्याच्या माळ्यावर रचलेले. त्यातल्या अर्ध्या फळ्या माझ्या मरणाच्या पेटीसाठी. एक माणूस दोन ठिकाणी कसा निजणार?

असं वर्षभराहून जास्त गेलं असेल. कदाचित तसंच गेलंही असतं, पण मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सनं मला भिंतीशी उभं केलं. मी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला गेलो होतो, उंचीचा काही संबंध नव्हता. पण नवीन कार्ड करायचं होतं, आणि त्यावर तो रकाना होता. मुलगी तरुण, तोंडात च्युइंगगम. आजोबा, टाचा मागे लावा, हनुवटी सरळ. मी काही म्हणायच्या आत वरची लाकडी पट्टी सरसर खाली आली आणि टाळूवर टेकली. थंड होती. ‘एकशे अडुसष्ट,’ ती म्हणाली. मग जुनं कार्ड पाहून हसली. ‘इथं तर एकशे चौऱ्याहत्तर आहे. आजोबा, बाकीचं कुठं विसरून आलात?’ रांगेतली माणसंही हसली. मीही हसलो असेन. पण मग मी खुर्ची ओढून बसलो. जिवंत माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत दुसऱ्यानं मोजायचं नसतं. आमच्या डोंगरात हे कुणी शिकवत नाही. आगीत हात घालू नये हे जसं कळतं तसं ते कळतं. मी लहान असताना गवतात झोपलो होतो आणि शेजारच्या पोरींनी खेळ म्हणून माझ्या अंगावरून दोरा लावला, टाळूपासून टाचेपर्यंत. आई परसातून धावत आली. तिनं दोरा हिसकावला, चुलीत टाकला आणि तो जळून काळा होईपर्यंत मला तिथून हलू दिलं नाही. तिच्या हाताचा कांद्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. माप मेलेल्याचं घेतात. जिवंत माणसाची पेटी आधी करून ठेवायची असेल तर त्यानं आपल्या तोंडानं उंची सांगायची, म्हणजे दोष लागत नाही. म्हणून ओदोकियानं विचारलं होतं. आणि मी सांगण्याआधी एका परक्या मुलीनं मला मोजलं, आकडा मोठ्यानं उच्चारला, कार्डावर लिहिलाही.

मी पुस्तकं वाचलेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी स्तेफाला कितीदा सांगितलं असेल. त्या रात्री झोपलो तेव्हा पाय पोटाशी घेतले होते, सकाळीही ते तसेच होते.

पत्राचं उत्तर आता तोंडानंच द्यायचं म्हणून मी डोंगराकडे निघालो. व्हिझ्नित्सापर्यंत बस रिकामी होती, कोसिवला भरली. माझ्या शेजारी एक बाई आळंब्यांची बादली मांडीवर घेऊन बसली. बादलीला ओल्या पाल्याचा वास. बुकोवेत्सच्या खिंडीत धुकं होतं, ड्रायव्हर एका हातानं चालवत होता आणि दुसऱ्या हातानं सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. काचेला टांगलेली संत निकोलाची तसबीर प्रत्येक वळणावर खालच्या दरीकडे झुकून पाहायची आणि परत यायची. मी उत्तर मनात जुळवत होतो. ताई, मी आलो आहे ते सांगायला. ताई, तुझं पत्र मिळालं होतं. हे वाक्य नको, ‘होतं’ मुळे मधला सगळा काळ दिसतो. ताई, स्तेफाचं काय करायचं? दवाखान्यात शेवटच्या दिवसांत स्तेफा म्हणाली होती, तू आपला तुझ्या डोंगरात जा, माझ्या आईशेजारी तुला एक रात्र झोप लागायची नाही. असं ती म्हणाली, हे मला स्पष्ट आठवतं. आणि इतकं स्पष्ट आठवतं म्हणूनच संशय येतो. मुद्रितात एखादं वाक्य फारच नेटकं दिसलं की मी मूळ प्रत काढून पाहत असे. बहुधा कुणीतरी मागाहून घातलेलं असायचं.

बादलीवाल्या बाईनं माझ्याकडे बराच वेळ पाहून विचारलं, कुणाच्या घरचे? मी म्हटलं, वरच्या प्लायवरच्या, त्या डोंगरवाटेवरच्या पिलीपचा मुलगा, सेवेरिन. तिनं डोळे बारीक केले. ‘तो छापखान्यात गेलेला? तुम्ही तर वारलात म्हणून ऐकलं होतं.’

‘नाही अजून,’ मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात माफी मागितल्यासारखं काहीतरी आलं.

‘असू दे, असू दे,’ ती म्हणाली, आणि समजूत घालावी तशी दोन आळंबी माझ्या हातावर ठेवली.

खिंड उतरून बस चेरेमोशच्या काठाला लागली तेव्हा त्रेम्बिता ऐकू आली. ते लांबलचक लाकडी शिंग आमच्याकडे कुणी गेलं की वाजतं. समोरच्या उतारावरून या उतारावर निरोप जातो, आणि ऐकणारा हातातलं काम थांबवून मोजतो, कुठल्या अंगानं आवाज आला, कुणाचं घर. आवाज आमच्या प्लायच्या दिशेनं आला होता. माझे कान एकदम भरून आले, जणू पाण्याखाली गेलो. ओदोकिया. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, एकटी, जिच्या पत्राला उत्तर नाही. मला ती पुसट दिसू लागली, फळीवर, हातात मेणबत्ती, आणि कुणीतरी तिच्या अंगावर मापाची काठी ठेवतं आहे. बसमध्ये कुणी हललं नाही. ड्रायव्हर बिया सोलतच होता. मी त्या बाईला विचारलं, कोण गेलं? शब्द नीट फुटले नसावेत, तिनं परत विचारायला लावलं.

‘कुणी नाही हो,’ ती म्हणाली. ‘खाली नवीन हॉटेल झालंय ना, तिथं पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी वाजवतात. रोज. माझा दीरच वाजवतो. आता खरंच कुणी गेलं तर फोनवर कळतं.’

मी आळंबी खिशात ठेवली. मुठीत इतका वेळ आवळलेली होती की त्यांचा चुरा झाला होता.

ओदोकिया फाटकापाशी गवताचं दाताळं घेऊन उभी होती. अंगात मेंढीच्या कातड्याची बिनबाह्यांची बंडी, डोक्याला काळा रुमाल. मी दुरूनच ख्रिस्ताचा जयजयकार केला, तिनं युगानुयुगे असो म्हणून उत्तर दिलं, आणि मग ‘दणकट आहेस ना?’ असं विचारलं, जे आमच्याकडे सगळे सगळ्यांना विचारतात. पण तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. डोळ्यांनी मोजणं हेही मोजणंच का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मी खांदे ताठ केले. पत्राबद्दल ती काही बोलली नाही. तीच विषय काढत नाही म्हणून मीही काढला नाही. गाय, गवत, चर्चचं नवीन पत्र्याचं छप्पर, कुणाची मुलगी इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते, हे सगळं झालं. घरात शिरताना मी सवयीनं मान वाकवली. विशीत या चौकटीनं माझं कपाळ कितीदा फुटलं होतं. आत आल्यावर मागे वळून पाहिलं. चौकट माझ्या डोक्यापासून दोन बोटं वर होती. घर वाढलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं कुलेशा केली. मक्याच्या पिठाची, घट्ट, पाटावर उपडी केलेली, दोऱ्यानं कापलेली. वर खारवलेलं मेंढीचं चीज आणि सायीत शिजवलेली आळंबी. कुलेशा कापताना दोरा तिच्या दोन बोटांत ताणलेला होता आणि मी दुसरीकडे पाहिलं. पण पहिल्या घासाबरोबर भूक लागली, अशी की लाज वाटावी. शहरातल्या पिठाला ही गोडी नसते. मी पुन्हा वाढून घेतली. मका कुठला, मी विचारलं. खालून, कोसिवकडून आणतेस का?

‘खालूनच आणते,’ ती म्हणाली. ‘पण ठेवते तुझ्यात.’

मला समजायला जरा वेळ लागला. तिनं कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि बाहेर, गोठ्याच्या माळ्याकडे हनुवटीनं दाखवलं. पेटी रिकामी ठेवायची नसते. रिकामी पेटी बोलावते. म्हणून आमच्याकडे तिच्यात धान्य ठेवतात, आणि त्यातलं खातात, आणि पुन्हा भरतात. हे मला माहीत होतं. फक्त माझी पेटी तयार झाली आहे हे माहीत नव्हतं. मी उंची कुठे सांगितली होती? तोंडातला घास तोंडात राहिला. गिळू की नको, असा क्षणभर विचार केला, आणि तिच्यासमोर थुंकणं शक्य नव्हतं म्हणून गिळला. गोडी तशीच होती. तेच जास्त भयंकर वाटलं.

‘तुझं उत्तर येईना,’ ती म्हणाली, ‘आणि लुकिनला दिसेनासं होत चाललंय. म्हणून बाबांच्या मापानं करून घेतली. तू गेलास तेव्हा बाबांएवढाच होतास की.’

मी कधीच बाबांएवढा नव्हतो. बाबा दारातून कमरेत वाकून आत यायचे. मी त्यांच्या कानाला लागत असेन. पण ती हे इतकं निःशंकपणे म्हणाली की मला तिची चूक दाखवता आली नाही. आयुष्यभर लोकांच्या चुका दाखवून पोट भरलं, आणि ही एक माझ्या तोंडातून बाहेर येईना. एवढ्या वर्षांत तिच्या मनात मी दरवर्षी थोडा थोडा वाढत गेलो असणार, आणि त्याच वर्षांत तिकडे छापखान्याच्या टेबलावर वाकून वाकून मी कमी होत होतो.

रात्रभर मला आजोबांची पेटी दिसत होती. ते वारले तेव्हा मी लहान होतो. सुतारानं फळी वाया जाऊ नये म्हणून पेटी ऐसपैस केली, पायाशी जागा उरली. आईनं ती जागा पाहिली आणि तिच्यात चादर कोंबली. पण बर्फ वितळायच्या आत आमचा धाकटा, अजून नावानं हाक मारली तर वळूनही न पाहणारा, गेला. पेटीत जागा उरली की ती घरातल्या आणखी कुणालातरी नेते. आई हे रडत म्हणाली नाही, हिशेब सांगावा तसं म्हणाली. आणि या घरात आता आणखी कोण आहे? चुलीच्या बाकावर ओदोकिया झोपली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी श्वास ऐकत राहिलो. एखादा लांबला की उठून बसायचो.

सकाळी लुकिन आला. शेजारचा, माझ्याच वयाचा, आम्ही एकाच बाकावर शिकलो. डोळ्यांवर दुधासारखी साय. तरी मला पायरवावरून ओळखलं म्हणाला, शहरातली माणसं अजून बूट घासत चालतात. बसला, नाशपातीची दारू प्याला, आणि ओदोकिया दूध काढायला बाहेर गेल्यावर माझ्याकडे तोंड करून म्हणाला की तुझी बहीण वर्षभर रोज टपालवाल्याच्या वाटेवर दाताळं ओढत होती. गवत सगळं दुसऱ्या अंगाला होतं.

मी त्याचा पेला पुन्हा भरला. तो हसला. ‘पेटी बघितलीस का? खिडकी ठेवली आहे अजून, बाजू सांग.’ आमच्याकडे पेटीला तळहाताएवढी खिडकी कापतात, आतल्याला बाहेरचं दिसावं म्हणून. ‘संत दिमित्रीच्या सणानंतर, थंडी लागली की, मी मुलीकडे कोलोमियाला जाणार, डोळा कापायला. परत येईन तेव्हा दिसेल की नाही देव जाणे. करवत हातात आहे तोवर सांग.’

‘लुकिन,’ मी म्हणालो, ‘बाबांचं माप मोठं होतं.’

त्यानं पेला खाली ठेवला. साय आलेले डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे लागले होते. किती मोठं, असं त्यानं विचारलं नाही. उरलेल्या जागेचं माप विचारायचं नसतं. तो म्हणाला, ‘मी तिला म्हटलं होतं. म्हटलं, ओदोकिया, तो एवढा नव्हता, झाडावर चढायला मी त्याला ढुंगणाला टेकू द्यायचो. तर म्हणाली, तुला आधीपासूनच दिसत नाही.’

ती दूध घेऊन आली आणि आम्ही दोघं चर्चच्या छपराबद्दल बोलू लागलो.

दुपारी तिनं मला मका आणायला माळ्यावर पाठवलं. तुझे गुडघे माझ्याहून तरणे, म्हणाली. माळ्यावर वाळल्या गवताचा आणि राळेचा वास होता, फटींतून उजेडाच्या पट्ट्या. दोन पेट्या शेजारी शेजारी. तिची लहान, तिच्यात राजमा. माझी लांब, इतकी लांब की दुसऱ्याच कुणाची वाटावी. झाकण बाजूला होतं, मका पिवळा, गार. मी भांडं भरलं. मग भांडं खाली ठेवलं आणि काय करतो आहे हे स्वतःला नीट सांगायच्या आत पेटीशेजारी, फळ्यांवर, पाठ टेकून निजलो. आत नाही, बाजूला. टाचा पेटीच्या टोकाशी जुळवल्या. मग हात डोक्याच्या वर नेऊन चाचपलं. टाळूपासून पेटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा आणि करंगळी ताणून बरोबर वीतभर जागा. लाकूड गुळगुळीत होतं, लुकिननं न दिसणाऱ्या डोळ्यांनी चांगलं तासलं होतं. त्या वीतभर जागेत काय मावेल, मी विचार करत राहिलो. एक काळा रुमाल मावेल. एक पत्र मावेल. एक लहान मूल मावलं होतं. मी जर शहरात स्तेफाशेजारी निजलो तर ही पेटी कुणाचीच होणार नाही, आख्खीच्या आख्खी उरलेली जागा होईल, ओदोकियाच्या उशाशी. आणि मी जर काही न सांगता हिच्यात निजलो, तरी ही वीत राहीलच, आणि ती कशी कोंबली तरी भरणार नाही.

‘झोपलास की गेलास?’

ओदोकियाचं डोकं शिडीच्या तोंडाशी आलं होतं. माझा हात अजून डोक्याच्या वरच, वीत ताणलेली. तिनं हात पाहिला. पेटीचं टोक पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येणार नाही, उजेडाची पट्टी तिच्या गालावर होती आणि गाल हलला नाही. मला वाटलं ती आता विचारेल. मी उत्तर देणारही होतो, आकडा जिभेवर होता. पण उरलेल्या जागेचं तिला विचारता येत नाही आणि मला तिच्या तोंडाकडे पाहून सांगता येत नाही, कारण मी आकडा सांगितला तर ती आपल्यासाठी राखलेल्या जागेचं माप ऐकणार.

‘मका सांडलास,’ ती म्हणाली, आणि शिडीवरून एक एक पायरी चाचपत उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी निघालो. तिनं पिशवीत मक्याचं पीठ बांधून दिलं. फाटकापाशी मी म्हणालो, ताई, आणि ती म्हणाली, बस चुकेल. लुकिन कुंपणापाशी उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, तोंडानं जड जातंय तर लिही, तू कागदाचाच माणूस, फक्त यंदा लिही.

वेर्खोविनाला बस अर्धा तास थांबते. मी टपाल कचेरीत गेलो. कार्डं फक्त पर्यटकांसाठीची होती, सगळ्यांवर त्रेम्बिता वाजवणारा तोच माणूस, बहुधा त्या बाईचा दीर. पत्ता पाहून खिडकीतली मुलगी म्हणाली, इथून चालत जाल तर कार्डाच्या आधी पोचाल, नाहीतर फोन लावून देऊ का? मी नको म्हणालो. फोनवर आवाज कापला असता. लिहिताना नेहमीसारखा पहिल्याच शब्दाशी अडलो, म्हणून ‘प्रिय’ सोडून दिलं. लिहिलं: ‘ताई, एकशे अडुसष्ट. हे मी सांगतो आहे, माझ्या हातानं. लुकिनला म्हणावं पायाकडून काप आणि कापलेली फळी चुलीत घाल, घरात ठेवू नकोस. खिडकी उजव्या अंगाला, डाव्या डोळ्याला मला कमी दिसतं. मी येईन.’ आकडा शब्दांतही लिहिला होता, तरी शेजारी अंकांत पुन्हा लिहिला. स्तेफाबद्दल काही लिहिलं नाही. ते तिच्यापाशी जाऊन, उभं राहून सांगावं लागेल, आणि ती काय म्हणेल हे मला आत्ताच ऐकू येतं आहे. ते मूळ प्रतीत असेल की मी घातलेलं, कोण सांगणार.

कार्ड टपालपेटीत टाकलं. टाकल्याबरोबर वाटलं, अंक उलटसुलट तर झाले नाहीत, एकशे अडुसष्टच्या जागी एकशे शहाऐंशी, म्हणजे पुन्हा बाबा. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पेटीच्या फटीतून हात आत घातला, मनगटापर्यंत, मग आणखी थोडा, बोटं जमतील तेवढी लांब केली. आत गार होतं. बोटांना कार्ड लागलं नाही.